दिवसा घुमतं, रात्री पोकळ: अँप बदलायचं थांबव, आधी हे बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट, 12 बाय 10 ची खोली, वर स्लॅब 10 फुटांवर. चार वर्षांत घरी गाणी ऐकायला तीन अँप (अँप्लिफायर), स्पीकरच्या दोन जोड्या, दोन डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला लागणारा सिग्नल करणारा डबा). आणि आता 85 हजारांचा चौथा अँप इएमआयवर घ्यावा का सगळं विकून हा नादच सोडावा, असं विचारलंयस. तक्रार तुझ्याच शब्दांत, "दिवसा घुमतं, रात्री पोकळ वाटतं, समाधान म्हणून होत नाही."

मी शाहूपुरीत 31 वर्षं अँप आणि स्पीकर दुरुस्त करतोय, लोकांच्या घरी जाऊन सिस्टीम बसवून देतोय, त्यामुळं जे सांगतोय ते माझ्या बेंचवर आणि लोकांच्या हॉलमध्ये बघितलेलं आहे. दोन्ही करू नको. अँप घेऊ नको आणि विकूनही टाकू नको. विकणारा माणूस वर्ष-दीड वर्षात परत घ्यायला येतो आणि जास्त पैसे घालवतो, हे मी किती जणांचं बघितलंय सांगू.

आता तुझी तक्रार परत वाच. दिवसा घुमतं म्हणजे बास, खालचे जाड सूर, जास्त. रात्री पोकळ म्हणजे बास कमी. अँप तोच, स्पीकर तेच, गाणं पण तेच, मग दिवसा एक आणि रात्री दुसरं कसं काय होईल? तू लिहिलंयस की पहिला अँप घुमतो म्हणून दुसरा "क्लीन" आवाजाचा घेतला, मग तो कोरडा वाटला म्हणून तिसरा "वॉर्म" घेतला, आणि आता तोही घुमतोय म्हणून चौथा बघायलास. म्हणजे चार वर्षं तू एकाच जागी झोपाळ्यावर बसलायस, एकदा इकडं एकदा तिकडं. ह्यात अँपचा दोष नाही, तिन्हीतल्या एकाचाही नाही.

रात्रीचं आधी घेऊ कारण ते फुकटात सुटतं. बाळ लहान आहे म्हणालास, म्हणजे ऐकायचं ते साडेदहा-अकराच्या पुढं, दार लावून, एकदम बारीक आवाजात. माणसाचा कान बारीक आवाजात सगळे सूर सारखे ऐकत नाही, आवाज जसा कमी करशील तसा बास जास्त वेगानं गायब होतो, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून ठेवलंय. जुन्या अँपवर "लाउडनेस" नावाचं बटण असायचं ते ह्याचसाठी. बारीक आवाजात ऐकताना दाबायचं, बास उचलून यायचा. पुढं कुणीतरी डोक्यात घातलं की टोन कंट्रोल म्हणजे पाप, खरा शौकीन बास-ट्रेबलच्या नॉबला हात लावत नाही, आणि लोकांनी ती बटणंच नसलेले अँप जास्त पैसे देऊन घेतले. तुझ्या आत्ताच्या अँपवर "सोर्स डायरेक्ट" असं काही लिहिलेलं बटण दाबलेलं असेल तर बास-ट्रेबलचे नॉब काम करत नसतात. ते बंद कर, रात्री बास चार-पाच डीबीनं (डेसिबल, आवाज मोजायचं माप) वाढव, सकाळी परत शून्यावर आण. एवढंच. ह्या एका गोष्टीसाठी अँप बदललेली निदान सात-आठ गिऱ्हाईकं माझ्या ओळखीची आहेत.

आता दिवसाचं घुमणं. हे खोलीचं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लांबलचक लाट अडकून बसते तिची फ्रिक्वेन्सी काढायची तर वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागायचं, म्हणजे 343 भागिले 6.1, आलं 56 हर्ट्झ. 12 फुटांच्या बाजूला तेच 47 हर्ट्झ येतं. तुझी गंमत अशी झालीय की रुंदी पण 10 आणि उंची पण 10, म्हणजे 56 हर्ट्झवर दोन लाटा एकावर एक बसल्यात. बास गिटारची ए तार मोकळी छेडली की 55 हर्ट्झवर वाजते, म्हणजे तो सूर आला रे आला की तुझी अख्खी खोली बोलायला लागत असणार. ह्यात अँप काय करणार सांग. एक लाखाचा लाव नाहीतर पाच लाखाचा, भिंती तिथंच आहेत.

आणि फोटोत दिसतंय त्याप्रमाणं दोन्ही स्पीकर कोपऱ्यात ठेवलेत, शोकेसच्या दोन बाजूंना, आणि तू ऐकतोस पलंगावर समोरच्या भिंतीला पाठ टेकून. कोपरा म्हणजे मागची भिंत, बाजूची भिंत आणि खालची फरशी, तिन्ही मिळून बास फुगवतात. आणि भिंतीला डोकं टेकलं की ती अडकलेली लाट तिथंच सगळ्यात जाड असते. म्हणजे वाजायची जागा चुकीची आणि ऐकायची पण चुकीची.

काय करायचं ते सांगतो. रविवारी दुपारी बायको-बाळ माहेरी असताना कर, दोन-तीन तास लागतील. स्पीकर कोपऱ्यातनं बाहेर काढ, मागच्या भिंतीपासनं दोन ते अडीच फूट, बाजूच्या भिंतीपासनं निदान दीड-दोन फूट, पण दोन्ही अंतरं सारखी ठेवू नको. ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. तुझी खुर्ची तुझ्या पाठीमागच्या भिंतीपासनं दोन-अडीच फूट पुढं, आणि दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच अंतर प्रत्येक स्पीकरपासनं तुझ्यापर्यंत. मग बास असलेलं एक ओळखीचं गाणं लावून खुर्ची चार-चार इंच मागं-पुढं सरकवत जा. एका जागी घुमणं अचानक कमी होईल, तिथं फरशीवर खडूनं खूण कर. फरशी मोकळी असेल तर जाड सतरंजी टाक, त्यावर वाकळ टाकलीस तरी चालेल, पुस्तकांचं कपाट खुर्चीच्या मागं आण. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नको, त्यानं बासचं काहीच होत नाही, फक्त वरचे सूर थोडे मरतात आणि झुरळं वाढतात. अजून पुढं जायचं असेल तर खोलीतला आवाज मोजणारं आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजायचा माइक तेवढा विकत किंवा उसना घ्यावा लागतो. माझ्याकडचा दोन दिवसांसाठी देईन.

वॉटचं पण बोलून टाकतो कारण चौथा अँप तू "पॉवर कमी पडतीय" म्हणून बघतोयस. तुझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 87 डीबी लिहिलीयस, म्हणजे एक वॉटला एक मीटरवर 87 डीबी. अडीच मीटरवर बसलास, दोन स्पीकर धरले, तर प्रत्येकी एका वॉटला साधारण 82 डीबी मिळतात, खोली जे वाढवते ते वेगळंच. घरात सरासरी 75 डीबी म्हणजे चांगलाच मोठा आवाज, त्याला लागतात 0.2 वॉट. तबल्याची थाप, ढोलकीचा ठोका असे अचानक उठणारे आवाज त्यापेक्षा 20 डीबी वर धरले तरी 20 वॉट झाले. तुझा आत्ताचा अँप 60 चा आहे. 60 चे 120 केलेस तर किती फरक? 3 डीबी. नॉब थोडासा फिरवलास तर होतो तेवढाच.

एवढं सगळं केलंस की खऱ्या तक्रारी संपतील. पण हुरहुर संपणार नाही, आणि खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल. अपग्रेड थांबव म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण खरी तक्रार तशीच ठेवून नुसतं मन आवरायला गेलास तर सहा महिन्यांत परत दुकानाच्या पायरीवर दिसशील, कारण ते घुमणं रोज कानाला टोचतंय. म्हणून आधी टोचणारं काढायचं, आणि मग उरतं त्याला नाव द्यायचं. जे उरतं ते कानाचं नसतं, "ह्याच्यापेक्षा चांगलं काहीतरी आहे आणि ते माझ्याकडं नाही" एवढंच ते असतं.

मी हे भोगलंय. 1998 ला मी स्वतः एक जोडी बांधली होती, उद्यमनगरातल्या एका सुताराकडनं प्लाय कापून घेतला, 8 इंची वूफर (बासचा मोठा स्पीकर), साधा ट्विटर, क्रॉसओव्हरच्या, म्हणजे बास आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटच्या, कॉइल हातानं गुंडाळलेल्या. तेरा वर्षं ऐकली, कधी काही कमी आहे असं वाटलं नाही. 2011 ला मुंबईतल्या एका दुकानात मोठे उभे स्पीकर ऐकले, भलीमोठी खोली, पडदे, गालिचे, मी अक्षरशः हललो. घरी येऊन माझी जोडी इचलकरंजीच्या एकाला विकली आणि ते मोठे आणले. माझ्या 11 बाय 10 च्या खोलीत ते नुसते घुमायचे. मी, ज्याचा हा धंदा आहे त्यानं, आधी केबल बदलल्या, मग स्टँड, मग अँप, मग दुसरा अँप. तीन वर्षं. प्रत्येक वेळी पहिले पंधरा दिवस बरं वाटायचं. त्या तीन वर्षांत मी गाणं असं ऐकलंच नाही, एका गाण्याचा पहिला दीड मिनिट ऐकायचो, मग दुसऱ्याचा, कारण त्या दीड मिनिटात झांज कशी वाजते ते तपासायचं असायचं. मुलगी तेव्हा नववीत होती. ती एकदा म्हणाली, "बाबा, गाणं पुरं होऊ दे की." ते अजून लागतं मला.

2014 ला त्या इचलकरंजीवाल्याचा फोन आला, वूफरच्या कडेचा फोम गळालाय म्हणून. फोम आहे तो, दहा-वीस वर्षांत कुजतोच, त्यात आपल्याकडची पावसाळी हवा. गेलो, नवीन फोम चिकटवला, दुसऱ्या दिवशी वाजवून बघितलं. त्यानं ते भिंतीपासनं तीन फूट पुढं ठेवले होते कारण मागं त्याचं शिलाई मशीन होतं. एवढं सुंदर वाजत होतं की मी अर्धा तास उठलो नाही. परत मागितले नाहीत, ते त्याचेच झाले होते. घरी आलो आणि पहिल्यांदा टेप घेऊन माझी खोली मोजली.

त्यानंतर मी अजून एक गोष्ट केली, ती तू पण कर. दोन अँप घेतले, एक 15 हजारांचा आणि एक त्याच्या पाचपट किमतीचा. 100 हर्ट्झचा टोन लावून मल्टीमीटरनं स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं आणि दोन्हीकडं 2 व्होल्ट जुळवलं, फरक 0.02 च्या आत. हे जुळवणं फार महत्त्वाचं, कारण जो अँप किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, दुकानात विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मग मित्राला पडद्यामागं बसवलं, तो नाणं उडवून कुठला लावायचा ते ठरवायचा आणि मी ओळखायचं. 16 वेळा केलं. अशा चाचणीत निदान 12 बरोबर आले तर म्हणता येतं की कानाला खरंच फरक कळतोय. माझे 9 आले. स्पीकरची चाचणी केलीस तर 16 पैकी 16 ओळखशील, स्पीकरमधला फरक खरा आणि मोठा असतो. अँपचा, डॅकचा, केबलचा, जर ते धड चालू असतील आणि स्पीकरला झेपत असतील तर, नाही. तुझ्या दोन डॅकचं हे करून बघ आणि काय आलं ते कळव.

केबलबद्दल विचारलंच नाहीस पण सांगतो, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स 0.08 ओहमच्या आत, 8 ओहमच्या स्पीकरपुढं ते काहीच नाही.

बरं, ऐकायचं कसं ते पण परत शिकावं लागतं. देवल क्लबात, 1883 पासनंची गाण्याची संस्था आपली, एका बैठकीला मी मागच्या ओळीत बसलो होतो, दोन तानपुरे लागत होते. डोळे मिटले आणि धंद्याच्या सवयीनं शोधायला लागलो की डावा कुठला, उजवा कुठला, "इमेज" कुठं आहे. काहीच नव्हतं. सगळा सूर एकत्र येऊन हॉल भरून राहिला होता. आपण घरात बसून जे शोधतो, गायिकेचे ओठ कुठं आहेत, तबला किती इंच मागं आहे, ते खऱ्या बैठकीत कुणी शोधत नाही आणि बऱ्याचदा तिथं नसतंच.

मिरजेला तानपुरा करणाऱ्यांकडं कधी गेलायस का? नसशील तर जा, तासा-दीड तासाचा रस्ता आहे. तिथला कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर मोकळा करताना, तारेखालचा तो दोरा केसभर सरकवतो, छेडतो, ऐकतो, परत केसभर सरकवतो. एकाच वाद्यावर किती वेळ घालवतात. सूर मोकळा होत नाही म्हणून कुणी दुसरा तानपुरा उचलत नाही. तुझी खुर्ची चार-चार इंच सरकवणं म्हणजे तेच काम आहे.

माझं एक गिऱ्हाईक मंगळवार पेठेत आहे, रिटायर शिक्षक. त्यांच्याकडं गायिका केसरबाई केरकरांच्या 78 च्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या, रेकॉर्डी आहेत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, केसरबाई त्यांच्या शिष्या, म्हणजे ते गाणं आपल्याच गावातनं गेलेलं. 1977 ला व्हॉयेजर यानं सोडली त्यांच्यातल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. 78 च्या त्या काळच्या रेकॉर्डवर सात-आठ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, स्टिरिओ नाही, खरखर आहे, आणि मास्तर ऐकताना डोळ्याला रुमाल लावतात. त्यांना मी इतक्या वर्षांत एकच नवी वस्तू घ्यायला लावली, 78 ची जाड सुई, 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), कारण ते एलपीच्या बारीक सुईनं वाजवत होते आणि ती खाचेच्या तळाला घासत जाते. असा खर्च मी कुणालाही सांगेन.

म्हणजे पैसे घालवूच नको असं माझं म्हणणं नाही. वस्तू बिघडली, घर बदललं, सुई झिजली, फोम गळाला, तर घालव. नॉब फिरवताना खरखर होते किंवा एक बाजू जाते-येते म्हणून अँप विकायला आणतात लोक, पावसाळ्यानंतर तर रांग लागते, आणि ते निघतं कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं काम. हम, म्हणजे सततची गुणगुण, येतो म्हणून अँप बदलणारे पण आहेत, आणि हम असतो केबल टीव्हीच्या वायरमधनं येणारा नाहीतर घराच्या अर्थिंगचा. सेट टॉप बॉक्सची वायर काढून बघ, गेला तर गेला.

तुझ्यापुरतं म्हणशील तर, एक वर्ष काही घ्यायचं नाही आणि काही विकायचं नाही असं घरात सांगून टाक, मनात ठेवू नको, बायकोला सांग. रिव्ह्यूचे व्हिडिओ बघायचे बंद, निदान सहा महिने. एक वही कर, त्यात रोज काय ऐकलं ते लिही, फक्त गाणं किंवा राग आणि कोण गायलं, सिस्टीमबद्दल एक शब्द लिहायचा नाही. लावलेलं पुरं ऐकायचं. वर्षानं वही उघड आणि बघ, कुठलं गाणं ऐकताना सिस्टीम खरंच कमी पडली. पडली असेल तर मला सांग, आपण मिळून स्पीकर बघू, अँप नव्हे.

अजून एक, हे कुणी अपग्रेडमध्ये धरत नाही. कान. आपल्याकडं गणपतीच्या मिरवणुकीतल्या त्या स्पीकरच्या भिंतीला "डॉल्बी" म्हणतात, त्याच्यापुढं तू दरवर्षी नाचतोस हे मला माहिती आहे, मी पण नाचलोय. 85 डीबीला आठ तास कान तग धरतो, पुढं दर 3 डीबीला वेळ निम्मा, म्हणजे 100 डीबीला फक्त पंधरा मिनिटं. आणि त्या भिंतीपुढं 100 च्या पुष्कळ वर असतं. मला आता 12 हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, थोडं वयानं, थोडं त्या भिंतींनी. तुझं 34 वय आहे. मेडिकलमधनं कानात घालायचे बुच्चे घेऊन ठेव आणि यंदा घालूनच जा. गेलेला कान कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि तुझ्या पोराला पण त्या भिंतीजवळ नेऊ नको.

चौथ्या अँपचा अॅडव्हान्स दिला नाहीस ना? दिला असशील तर उद्याच जाऊन परत माग, थोडे कापून देतील, देऊ दे. आणि तो पहिला अँप माळ्यावर आहे म्हणालास, त्यावर लाउडनेसचं बटण आहे, मॉडेल मला माहितीय. शनिवारी दुकानात घेऊन ये, नॉब साफ करून देतो, रिले बघतो. येताना खोलीची मापं आणि खिडकी-दार कुठं आहे त्याचं कागदावर चित्र काढून आण, सहाच्या पुढं गर्दी नसते.